आई फोनला हात लावून बसायची

डॉक्टरांनी फोन नंबर विचारला आणि मी माझ्या जुन्या शेटचा नंबर सांगून मोकळा झालो. घरात फोन नव्हता, गल्लीत नव्हता, अख्ख्या टेमघरात कुणाकडे असला तर मला ठाऊक नव्हता. मला तोंडपाठ असलेला नंबर तेवढा एकच. त्या शेटच्या कारखान्यात मी बरीच वर्षं जॉबर होतो, म्हणजे माग बिघडला की तो लावून देणारा. कारखान्याच्या पाटीवर तो नंबर तांबड्या रंगात लिहिलेला होता, येता-जाता दिसायचा. अडचण एवढीच की शेटशी भांडून मी काम सोडलं होतं आणि पुन्हा त्याच्या दारात पाय ठेवणार नाही, असं चार लोकांत बोललो होतो.

भांडण कशावरून, तेही सांगतो. मी एक माग लावून दिला आणि माझी पाठ वळल्यावर त्यानं दुसऱ्या जॉबरला बोलावून तो तपासून घेतला. बस, एवढंच. ज्याला हे कारण लहान वाटतं त्यानं कधी हातात पाना धरलेला नसणार. मी तिथून उठलो आणि धामणकर नाक्याजवळ दुसऱ्या कारखान्यात लागलो. तिथं फोन नव्हता.

माझ्या बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्याकडे तेव्हा किडनी हा शब्दही कुणी ऐकला नव्हता. आई विचारायची, "म्हंजे कोंबडीत असते तशी का?" चेहरा सुजायचा, पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा. मुंबईच्या इस्पितळात नेऊन मशीनवर रक्त धुवून आणायचं, की चार दिवस बरे जायचे, की पुन्हा तेच. पाणी वाटीनं मोजून. भरउन्हात ती वाटी पुढ्यात ठेवून बघत बसायची आणि म्हणायची, "बघूनच तहान भागवते, तुम्ही प्या."

डॉक्टर म्हणाले, असं फार दिवस चालणार नाही, दुसऱ्याची किडनी बसवावी लागेल. मी म्हटलं, माझी घ्या. तपासलं तर माझं रक्त जुळेना. तिचा भाऊ एकुलता एक, त्याला साखरेचा आजार. मग आई पुढं झाली. "माझी काढा. माना म्हातारीला आता कशाला लागते?" डॉक्टर हसले आणि वय झालं म्हणाले. आईला राग आला. इस्पितळातून निघेपर्यंत ती पुटपुटत होती, "लाकडं फोडताना कोणी वय इचारीत न्हाय."

शेवटचा मार्ग राहिला तो असा. कुणी दवाखान्यात वारला, त्याच्या घरच्यांनी हो म्हटलं आणि रक्त जुळलं, तर त्याची किडनी मिळायची. डॉक्टर म्हणाले, आपल्याकडे असं फार क्वचित होतं, आशा धरून बसू नका, पण तयार राहा. आम्ही ट्रंक कॉल लावू. फोन आला की लगेच निघायचं, काही तासांत इथं पोचायचं. उशीर झाला तर किडनी वाया जाईल, नाहीतर दुसऱ्या पेशंटला जाईल. फोन आल्यापासून पेशंटच्या तोंडात अन्नाचा कण जाता कामा नये. आणि रक्त द्यायला माणसं सोबत आणा, ती मात्र जेवलेली हवीत. एवढं सांगून त्यांनी नंबर विचारला, आणि मी तो सांगितला.

घरी येताना बायको म्हणाली, "नंबर कुणाचा दिलात?"

मी सांगितलं.

"त्यांना विचारलं होतं?"

"आता विचारतो."

"आता विचारणार नाही तुम्ही. आता सांगाल."

ती मला बरोबर ओळखून होती.

दुसऱ्या दिवशी शेटच्या गादीवर गेलो. तो तागे मोजून घेत होता. मला बघून त्यानं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मी उभाच राहिलो. बसा म्हटल्याशिवाय मी बसत नाही आणि तो बसा म्हणेना.

शेवटी तोच बोलला. "क्यों जॉबर, काम चाहिये?"

"काम नहीं चाहिये. तुम्हारा नंबर अस्पताल में दिया है. घरवाली के लिए फोन आयेगा."

"मुझसे पूछे बगैर?"

"दे दिया. अभी क्या करेगा?"

तो मुनीमाकडे बघून म्हणाला, "देखो इसकी अकड. मांगने आया है कि वसूली करने?" आणि हसायला लागला. मी हसलो नाही. त्यानं बायकोचं सगळं विचारून घेतलं. मग म्हणाला, "फोन तो आयेगा. सुनेगा कौन?"

ते खरं होतं. गादी आणि मागांचा हॉल यांच्यामध्ये एक भिंत होती, पण मागांची धडधड भिंतीला जुमानत नाही. चालू कारखान्यात घंटी वाजली तर टेबलाशी बसलेल्या मुनीमालाही कळायची नाही. व्यापाऱ्यांना ते माहीत होतं. ज्या दिवशी लाईटची सुट्टी असायची, म्हणजे वीज नाही म्हणून माग बंद, त्या दिवशीच ते फोन करायचे. आणि मरणारा माणूस काही लाईटची सुट्टी बघून मरणार नव्हता.

"वापस आ जा," शेट म्हणाला. "इधर काम कर, नजर रख."

"कामासाठी आलो नाही," मी मराठीतच सांगितलं आणि निघालो.

घरी येऊन हे सांगितलं. आई बोलली. "तू नको जाऊ. मी जाते."

आईनं जन्मभर कांड्या भरल्या होत्या, म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी भरून द्यायचं काम. म्हातारपणामुळे ते सुटलं होतं. ती शेटकडे गेली आणि म्हणाली, माना फोनपाशी बसायला जागा दे, बसल्या बसल्या तुझं सूत उकलून देईन. शेटनं स्टूल दिलं. पहिल्या दिवशी तिच्या समोर फोन वाजला आणि तिलाही कळलं नाही. मुनीमानं सहज उचलला म्हणून समजलं. आई हबकली. दुसऱ्या दिवसापासून तिनं डावा हात फोनवर ठेवला. घंटी वाजली की तो काळा डबा थरथरायचा. मागाचा धक्का खालून जमिनीतून येतो, टेबल हलतं. घंटीची थरथर वेगळी, बारीक, मुंग्या आल्यासारखी. दोन दिवसांत तिला फरक कळायला लागला. सकाळी जायची, फोनवर हात ठेवायची, उजव्या हातानं गुंता सोडवत बसायची. थरथरलं की मुनीमाला कोपरानं ढोसायची.

"मुंबईचा का?"

"नहीं माई, सूत के भाव का है."

"बघ नीट इचारून."

मुनीम वैतागला. शेटकडे तक्रार घेऊन गेला की ही बुढिया फोन वाजायच्या आधी मला ढोसते. शेट म्हणाला, "तेरे को तो बाद में भी नहीं सुनाई देता था." रात्रीची काळजी नव्हती. शेट गादीच्या वरच राहायचा आणि झोपताना फोन लांब वायरनं वर नेऊन उशाशी ठेवायचा. हे त्यानं आपणहून केलं. मी सांगितलं नव्हतं आणि त्याबद्दल आमच्यात कधी बोलणंही झालं नाही.

पंधरवड्यात आई घरी येऊन सुताचे भाव सांगायला लागली. कुठला व्यापारी खोटा बोलतो, कुणाचा माल अडकलाय, सगळं. बायको म्हणायची, "तुमच्या आईला आता शेटनं भागीदारी द्यावी."

एक दिवस बायकोनं तिला विचारलं, "दिवसभर हात ठेवून बसता, तेव्हा मनात काय म्हणता?"

आई म्हणाली, "काय म्हनू? फोन येऊ दे म्हनलं तं कोणतरी मरू दे म्हनल्यावानी व्हतं. नको येऊ म्हनलं तं तू मरतेस. म्हनून काय म्हनत न्हाय. हात ठेवते नि बसते."

त्याच्या आधी मी एकदा मनात नवस बोलायला गेलो होतो. आईचं हे ऐकल्यावर त्या वाटेला गेलो नाही. घरात देवापुढं दिवा लागायचा तो नेहमीचा, या कामाचा वेगळा नाही.

बाकीची तयारी मी केली. गाडी शेटचीच, तागे मुंबईच्या बाजारात नेणारा टेम्पो. म्हटलं, आधी एकदा जाऊन बघू या. मशीनवर जायच्या दिवशी बायकोला त्यातून नेलं. ती म्हणाली, "मरायच्या आधी तालीम करणारे तुम्हीच." पण तालीम केली म्हणून कळलं. टेम्पोत तागे भरलेले होते, जकात नाक्यावर गाड्यांची रांग, पावत्या फाडणं, माल मोजणं, त्यात उन्हात तासन् तास गेले. ती मागं ताग्यांवर आडवी. मी नाकेवाल्याशी भांडलो, त्यामुळे आणखी उशीर झाला. घरी आल्यावर ड्रायव्हरला बजावलं, फोन आला त्या दिवशी टेम्पोत एक तागा राहता कामा नये. भरलेले असतील तर जिथं असतील तिथं रस्त्यावर टाकायचे. शेटला विचारलं का? नाही. ड्रायव्हरनं विचारलं. शेट म्हणाला, "वो तो मेरा टेम्पो भी बगैर पूछे दे देगा किसी को. हां बोल."

रक्त द्यायला आमच्या दिघाशी गावच्या भाऊबंदांना विचारून आलो. शेती करणारी धडधाकट माणसं, पण रक्त म्हटल्यावर कुणाला ताप आला, कुणाला कोर्टाची तारीख आठवली. मी पुन्हा विचारलं नाही. माझ्या नव्या कारखान्यातले विणकर मात्र तयार झाले, उत्तरेकडचे दोघं आणि एक तेलुगू. त्यातला एक म्हणाला, "मच्छर रोज पीता है, भाभी थोड़ा पी लेगी तो क्या."

आणि मग नुसती वाट बघणं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. फोन येईना. बायको उतरत चालली. कपड्याची पिशवी दारामागच्या खुंटीला अडकवून ठेवली होती, तिच्यातलं लुगडं मध्ये दोनदा धुवून पुन्हा ठेवलं, कारण वास यायला लागला. डॉक्टरही आता फोनबद्दल काही बोलायचे नाहीत. मीही विचारायचो नाही. आई मात्र जात राहिली. एकदा तिला ताप होता तरी गेली. मी अडवलं तर म्हणाली, "हात ठेवाया ताप आड येतो का?"

दिवाळी होऊन थंडी पडायला लागली होती. दुपारची वेळ. मी कारखान्यात एका मागाखाली आडवा होऊन नट आवळत होतो. एकदम सगळे माग बंद पडले. लाईट गेली असं सगळ्यांना वाटलं. कुणी बिडी काढली, कुणी मालकाच्या नावानं ओरडलं. मी मागाखालून डोकं बाहेर काढलं तर दारापाशी मेन स्विचजवळ आई उभी. स्विचची दांडी तिनं खाली ओढली होती आणि हात अजून दांडीवरच होता. जन्म कारखान्यात गेलेला. चालू मागांत हाका मारून उपयोग नसतो हे तिला शिकवावं लागलं नाही. पदर पडलेला, धाप लागलेली.

"फोन आला," ती म्हणाली. "मुंबईचाच. मी दोनदा इचारून घेतला."

मालक धावत आला. "किसने बंद किया? इतने धागे टूटे, कौन भरेगा?" आई त्याला म्हणाली, "तुझं धागं मागून जोडू. व्हय बाजूला." विणकर तिघंही तसेच निघाले, केसांत कापसाची भुरी, एकाच्या हातात अर्धी बिडी. कुणी मालकाची परवानगी घेतली नाही.

बाहेर टेम्पो आलेलाच होता. ड्रायव्हरनं शेटच्या कारखान्यासमोर अर्धे तागे उतरवले तोवर आई पळत पुढं आली होती, उरलेले आम्ही तिथंच नाक्यावर एका दुकानाच्या फळीवर रचले. दुकानदार काय झालं म्हणून विचारत होता, त्याला उत्तर द्यायला वेळ नव्हता.

घरी बायकोनं नुकता भात चुलीवर ठेवला होता. मला या वेळी दारात बघून ती समजली. तिनं पहिल्यांदा विचारलं ते हे, "भात उतरवू की होऊ दे?"

"होऊ दे. ही तिघं खातील."

"आणि मी?"

"तुला काही नाही. पाण्याचा थेंब नाही."

"ती सवय आहे मला."

आईला घरी ठेवलं. टेम्पोत जागा होती, पण तिला धाप लागली होती आणि मला तिकडे दोन माणसं सांभाळायची नव्हती. बायको पाया पडली. आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, डावा, आणि म्हणाली, "जा. घाबरू नको. सुरी चालवणारं शिकलेलं असतात."

मागं टेम्पोत तिघं विणकर पातेल्यातला भात कालवणाशी खात होते आणि बायको एका कोपऱ्यात बघत बसलेली. ती म्हणाली, "पोटभर खा रे. तुमचं रक्त पाणचट निघालं तर मला पचायचं नाही." ते लाजले. जकात नाक्यावर रिकामा टेम्पो बघून नाकेवाल्यानं हात करून सोडून दिला.

मुंबई जवळ आली तशी ती मला म्हणाली, "कोण गेलं असेल हो?"

"ते सांगत नाहीत."

"बाई का बाप्या, एवढं तरी?"

"नाही सांगत."

"आज त्यांच्या घरात चूल पेटली नसेल," ती म्हणाली.

आम्ही वेळेत पोचलो. रक्त जुळलं. तिला आत नेलं ते उजाडल्यावरच बाहेर आणलं. डॉक्टर म्हणाले, बसवली. आता ती किडनी लघवी करायला लागली पाहिजे. कधी लगेच करते, कधी दिवस जातात, कधी करतच नाही. तोपर्यंत आम्ही काही सांगू शकत नाही. तिला काचेच्या खोलीत ठेवलं. तिथं कुणाला जाऊ देत नव्हते, बाहेरून काचेतून तेवढं बघायचं, तेही दुसऱ्या दिवसापासून.

विणकर रक्त देऊन परत गेले. मी इस्पितळाच्या भिंतीलगत बसून होतो. मनात एकच चाललं होतं. एक माणूस गेलं आणि त्याचं काही आमच्या घरात आलं. म्हणजे आमचं त्या घराशी नातं लागलं. भाऊबंदांत कुणी गेलं तर आपण सुतक धरतो, ते एरवी भांडत असले तरी धरतो. मग हे? ते घर कुठलं, जात कुठली, मला माहीत नाही. त्यांच्यात अशी रीत असेल, नसेल. पण आमच्यात आहे, आणि घेतलं आम्ही आहे. भिंतीपलीकडे झाडाखाली एक न्हावी बसत होता. त्याच्यापुढं जाऊन बसलो आणि म्हटलं, सगळं काढ. डोकं, मिशा, सगळं.

"कौन गया?" त्यानं विचारलं.

"पता नहीं," मी म्हटलं. त्यानं वस्तरा थांबवून माझ्याकडे बघितलं, पण केलं काम.

दुसऱ्या दिवशी काचेपुढं उभा राहिलो. बायको जागी होती. तिनं मान वळवली, मला बघितलं, आणि तिचा चेहरा पिळवटला. तोंड उघडलं, आवाज काचेबाहेर येत नव्हता. ती उठायला बघत होती. नर्सनं धावत जाऊन तिला दाबून धरलं. मला कळेना काय झालं. नर्स बाहेर आली ती लालबुंद होऊन.

"तुमची आई गेली ते तिला आत्ताच दाखवायचं होतं? टाके तुटतील तिचे!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आई दिसत नाही, मी बोडका, मिशी नाही. तिनं दुसरं काय समजायचं? मी नर्सला सगळं सांगितलं. तिनं आत जाऊन सांगितलं. बायकोनं मान हलवली, नाही म्हणून. आजाऱ्याला खरं कोण सांगतं? डॉक्टरांनी सांगितलं, तरी नाही. तिनं तोंड भिंतीकडे केलं आणि दिवसभर औषधाला तोंड उघडेना. डॉक्टर मला म्हणाले, "तुम्हाला हे कुणी करायला सांगितलं होतं?" मी म्हटलं, "कुणी नाही. आणि विचाराल तर पुन्हा करीन." ते हात उडवून निघून गेले. मी अजूनही तेच म्हणतो. फक्त टोपी घालून जायला हवं होतं.

शेटला निरोप दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आईला घेऊन आला. ती जिना चढून आली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "मी जिती असताना मोकळा झालास?"

"तुझं नाही. ज्यानं दिली त्याचं."

माझ्या डोक्यावरून तिनं एकदा हात फिरवला. "बरा केलास," एवढंच म्हणाली. "पन टोपी घालायची व्हती, येड्या."

मग ती काचेपुढं गेली. पदर नीट केला, दोन्ही तळहात काचेवर टेकले आणि वाकून आत बघितलं. नर्सनं बायकोला हलवलं. तिनं मान वळवली. बराच वेळ बघत राहिली, ही खरी आहे की नाही याची खात्री करत असल्यासारखी. आई इकडून ओरडली, "हाय मी! हाय!" सगळा मजला बघायला लागला. बायको हसायला लागली आणि टाके दुखले म्हणून पोट धरून थांबली. मग तिनं हात खाटेबाहेर काढला आणि खाली बोट केलं. खाटेला एक काचेची बाटली टांगलेली होती, तिच्यात लघवीची नळी सोडलेली.

आईनं मला विचारलं, "काय दावते ती?"

बाटली अर्ध्याच्या वर भरली होती.